मॅनी पॅकियाओ आणि त्याचे देशवासी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील आमच्या छोट्या व्यायामशाळेच्या वाचनखोलीत दर रविवारी सकाळी मुले जमतात आणि आम्ही एखादा जुना मुष्टियुद्धाचा सामना पाहतो. लास व्हेगासमध्ये शनिवारी रात्री होणारा मोठा सामना आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास सुरू होतो, म्हणून ही वेळ ठरली आणि मग तीच कायम राहिली. सामना संपल्यावर मुले, आणि त्यांना न्यायला आलेले आईवडील, जे प्रश्न विचारतात त्यांतले निम्मेअधिक प्रश्न मॅनी पॅकियाओविषयी असतात. त्यातही त्याच्या ठोशांपेक्षा त्याच्या देशातल्या लोकांनी त्याच्यावर केलेल्या प्रेमाबद्दलचे कुतूहल जास्त असते. तेच प्रश्न आणि त्यांची मी देत आलो ती उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

पॅकियाओ कोण, हे थोडक्यात सांगाल का?

इमॅन्युएल पॅकियाओ याचा जन्म १७ डिसेंबर १९७८ रोजी फिलिपीन्समधील मिंडानाओ बेटावर, बुकिडनॉन प्रांतातल्या किबावे या गावी झाला. तो वाढला जनरल सँटोस या बंदराच्या शहरात. ट्यूना माशांच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराला तिथले लोक लाडाने 'जेनसॅन' म्हणतात. घरात अठराविश्वे दारिद्र्य होते. चौदाव्या वर्षी तो घर सोडून मनिलाला गेला, मजुरी केली, काही रात्री रस्त्यावर काढल्या आणि २२ जानेवारी १९९५ रोजी, वयाच्या सोळाव्या वर्षी, पहिला व्यावसायिक सामना खेळला. तेव्हा त्याचे वजन इतके कमी भरत असे की खिशात वजने घालून आपण काट्यावर उभे राहिलो होतो, असे त्यानेच पुढे सांगितले आहे.

४ डिसेंबर १९९८ रोजी त्याने थायलंडमध्ये, थायलंडच्याच चाचाई सासाकुलला आठव्या फेरीत पाडून फ्लायवेट गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. जून २००१ मध्ये अमेरिकेत एका सामन्यासाठी ऐनवेळी बदली खेळाडू हवा होता. जेमतेम दोन आठवड्यांच्या तयारीवर तो उभा राहिला आणि दक्षिण आफ्रिकेच्या लेहलो लेडवाबाला सहाव्या फेरीत हरवून दुसऱ्या गटाचा विजेता झाला. येथून पुढे त्याचे प्रशिक्षक फ्रेडी रोच आणि तो ही जोडी जगभर ओळखली जाऊ लागली. २०२१ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली, जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध कीर्तिदालनात त्याला स्थान मिळाले आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो पुन्हा रिंगमध्ये उतरला. मारिओ बॅरिओसविरुद्धचा तो सामना बरोबरीत सुटला.

आठ वजनगटांतील विजेतेपदे म्हणजे नेमके काय?

मुष्टियुद्धात वजनाचे गट ठरलेले असतात, कारण दोन-तीन किलोंचा फरकही ठोशाच्या जोरात मोठा फरक पाडतो. फ्लायवेट गटाची मर्यादा सुमारे ५०.८ किलो आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पॅकियाओने अँटोनिओ मार्गारितोला हरवून जे आठवे विजेतेपद घेतले, त्या गटाची मर्यादा सुमारे ६९.९ किलो आहे. ही दोन टोके धरून आठ पायऱ्यांवर विजेता ठरलेला तो एकमेव मुष्टियोद्धा आहे.

जाणकार वाचकांसाठी एक खुलासा आवश्यक वाटतो. या आठांपैकी दोन गटांतली त्याची मान्यता चार प्रमुख संघटना विजेत्याला जे पट्टे देतात त्यांच्यावर आधारलेली नाही. आधीच्या सर्वमान्य विजेत्याला हरवणारा तो नवा विजेता, या जुन्या परंपरेवर ती उभी आहे. त्यामुळे त्याचे मोठेपण कमी होत नाही, मात्र मुलांना आकडा सांगताना तो कसा मोजला आहे हेही सांगितले पाहिजे.

फिलिपीन्समध्ये मुष्टियुद्ध एवढे घराघरांत कसे पोहोचले?

तो देश जवळजवळ अर्धे शतक अमेरिकेच्या अमलाखाली होता. अमेरिकी सैनिकांबरोबर हा खेळ तिथे आला आणि १९२१ मध्ये त्याला कायद्याने परवानगी मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८ जून १९२३ रोजी, पान्चो व्हिला या नावाने खेळणाऱ्या फ्रान्सिस्को गियेदो याने न्यूयॉर्कमध्ये जिमी वाइल्डला सातव्या फेरीत हरवले. जगज्जेता झालेला तो पहिला आशियाई मुष्टियोद्धा. ज्यांच्या देशावर परक्यांचे राज्य होते, त्यांच्यातल्या एका चणीने लहान तरुणाने राज्यकर्त्यांच्याच देशात, हजारो लोकांसमोर हे घडवले, ही गोष्ट आपण गुलामी पाहिलेल्या देशाच्या लोकांनी सहज समजून घेण्यासारखी आहे. दुर्दैवाने दाताच्या विकारातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने १४ जुलै १९२५ रोजी, अवघ्या २३ व्या वर्षी, त्याचे सॅन फ्रान्सिस्कोत निधन झाले.

पुढे गॅब्रिएल 'फ्लॅश' एलोर्दे याने मार्च १९६० मध्ये मनिलाच्या अरानेता कोलिसियममध्ये हॅरॉल्ड गोम्सला हरवून विजेतेपद घेतले आणि सात वर्षे सांभाळले. त्याच अरानेता कोलिसियममध्ये १ ऑक्टोबर १९७५ रोजी मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत झाली. म्हणजे पॅकियाओ आला तेव्हा आजोबांना व्हिलाच्या कथा पाठ होत्या, वडिलांनी एलोर्देला डोळ्यांनी पाहिले होते आणि चाळीतल्या पोरालाही डावखुरा खेळाडू कसा उभा राहतो हे ठाऊक होते. एरवी तिथे गल्लोगल्ली बास्केटबॉल चालतो. पण जगात सर्वांत वर जाण्याची आशा ज्या खेळाने त्यांना दाखवली, तो मुष्टियुद्ध.

त्याच्या सामन्याच्या दिवशी रस्ते ओस पडत, हे खरे आहे का?

होय. मनिलात तेव्हा रविवारची दुपार असे. चित्रपटगृहांत सिनेमाऐवजी सामना लागे, गावोगावच्या चौकांत आणि बास्केटबॉलच्या आच्छादित मैदानांवर नगरपालिका पडदे लावीत, लष्करी छावण्यांतही जवानांसाठी तीच सोय होई. त्या तासांत गुन्ह्यांची नोंद जवळजवळ होत नाही, असे तिथल्या पोलिसांनीच वेळोवेळी सांगितले आहे.

यात एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. पैसे भरणाऱ्याला सामना थेट दिसे, पण घरच्या फुकट वाहिनीवर तो जाहिरातींसह बऱ्याच उशिराने येई. रेडिओवर मात्र थेट वर्णन चाले. म्हणजे गरीब माणसाला निकाल आधी कानांनी कळे आणि नंतर तो डोळ्यांनी दिसे. निकाल ठाऊक असूनही लोक संपूर्ण सामना पाहत बसत, कारण त्यांना आपला माणूस कसा जिंकला हे पाहायचे असे.

लोक त्याला 'पंबान्सांग कामाओ' म्हणतात, त्याचा अर्थ काय?

फिलिपिनो भाषेत 'कामाओ' म्हणजे मूठ आणि 'पंबान्सा' म्हणजे राष्ट्रीय. राष्ट्राची मूठ, असा त्याचा सरळ अर्थ होतो. मराठीत आपण 'झाकली मूठ' म्हणतो ती अब्रू राखण्यासाठी. इथे मूठ उघडपणे वर केलेली आहे.

एवढे प्रेम केवळ तो जिंकतो म्हणून होते का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर मी सावकाश देतो.

जिंकणे हे कारण होतेच. २००३ मध्ये सॅन अँटोनिओत त्याने मार्को अँटोनिओ बारेराला अकराव्या फेरीत थांबवले. डिसेंबर २००८ मध्ये ऑस्कर डी ला होया आठव्या फेरीनंतर आपल्या स्टुलावरून उठलाच नाही. मे २००९ मध्ये रिकी हॅटन दुसऱ्या फेरीत पडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिगेल कोटोला पंचाने बाराव्या फेरीत वाचवले. अशी सलग वर्षे लाभलेला कोणताही खेळाडू लोकप्रिय होईल.

परंतु त्याच्या देशबांधवांना त्याच्यात आणखी काही दिसत होते. जवळजवळ एक कोटी फिलिपिनो पोटासाठी परदेशात राहतात. कोणी जहाजावर खलाशी, कोणी हाँगकाँगमध्ये घरकामाला, कोणी आखाती देशांत परिचारिका किंवा बांधकामावर मजूर. घर सोडायचे, परक्या देशात मार खायचा, आणि मिळेल ते घरी पाठवायचे, हे त्या देशातल्या असंख्य कुटुंबांचे रोजचे जगणे आहे. पॅकियाओ नेमके तेच करीत होता, फक्त दिव्यांच्या झगमगाटात. चौदाव्या वर्षी घर सोडलेला मुलगा लास व्हेगासला जातो, तोंडावर ठोसे घेतो, जिंकतो आणि परत येतो, या कथेत प्रत्येकाला आपला मुलगा किंवा आपली बहीण दिसे.

'परत येतो' हे त्यातले सर्वांत मोलाचे शब्द आहेत. श्रीमंत झाल्यावर तो अमेरिकेत स्थायिक झाला असता तर कोणी दोष दिला नसता. तो परत येई, मनिलात उघड्या गाडीतून मिरवणूक निघे, मग जेनसॅनमध्ये दुसरी मिरवणूक निघे. सुरुवातीच्या वर्षांत तो मनिलाच्या क्वियापो चर्चमध्ये, जिथे येशूच्या काळ्या मूर्तीपुढे गरिबांची रीघ लागते, आभाराच्या प्रार्थनेला जाई. त्याची आई दियोनिसिया हातात जपमाळ घेऊन सामन्याच्या वेळी प्रार्थना करी आणि तीही देशभर लाडकी झाली. सारंगानी प्रांतात त्याने बेघर कुटुंबांसाठी घरे बांधून दिली. त्याच्या दारावर मदत मागणाऱ्यांची रांग लागत असे. दानाचा हिशेब मांडणे मला आवडत नाही. मात्र दार उघडे होते ही गोष्ट गाव विसरत नाही, मग ते गाव मिंडानाओतले असो की पेटलाद-डभोईकडचे.

राज्यसंस्थेने त्याचा कसा सन्मान केला?

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात फिलिपीन्सचा ध्वज त्याच्या हाती होता, तोही तो स्पर्धेत खेळत नसताना. व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांना तेव्हा ऑलिंपिक बंद होते. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात त्याचे सत्कार झाले, पदके मिळाली. यावर अधिक लिहिण्यासारखे नाही, कारण विजेत्याच्या शेजारी उभे राहायला सत्ताधारी सगळ्याच देशांत उत्सुक असतात.

तो हरला तेव्हा लोकांनी काय केले?

२०१२ चा डिसेंबर महिना त्या देशाला फार जड गेला. महिन्याच्या सुरुवातीलाच मिंडानाओवर आलेल्या वादळाने हजाराहून अधिक बळी घेतले आणि लगेच ८ डिसेंबरला हुआन मॅन्युएल मार्केझने पॅकियाओला सहाव्या फेरीच्या शेवटच्या सेकंदाला असा ठोसा मारला की तो तोंडावर पडला आणि काही क्षण हललाच नाही. लोक रडले, पण पाठ फिरवली नाही. पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला 'योलांडा' हे महाभयंकर वादळ आले आणि सहा हजारांवर माणसे गेली. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी मकाऊमध्ये पॅकियाओने ब्रँडन रिओसला हरवले, विजय वादळग्रस्तांना अर्पण केला आणि मग तो टाक्लोबान या उद्ध्वस्त शहरात गेला.

पराभवाबद्दल मला जे समजले ते माझ्या भाच्याकडून. तो कतारमध्ये एका बांधकाम कंपनीत नोकरीला होता. ३ मे २०१५ रोजी पहाटे त्याच्या खोलीत आठ-दहा फिलिपिनो सहकारी जमले होते. फ्लॉइड मेवेदरशी सामना तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी सातच्या सुमारास होता, आणि रविवार हा तिथे कामाचा दिवस, म्हणून सगळे कामाचे कपडे आणि बूट घालूनच आले होते. त्यांतला एक क्रेनचालक गावाकडच्या वडिलांशी फोनवर बोलत होता. वडिलांच्या टीव्हीवर सामना उशिराने चालला होता आणि ते पुन्हा पुन्हा बजावत होते की निकाल सांगू नकोस. बाराव्या फेरीनंतर तिन्ही गुणलेखकांनी मेवेदरला कौल दिला. क्रेनचालक काहीच बोलला नाही. फोन तसाच कानाला होता. थोड्या वेळाने पलीकडून वडील म्हणाले, "कळले मला. तू कामावर जा. मी शेवटपर्यंत पाहणार आहे." भाच्याने हे दोन-तीनदा सांगितले आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज तिथेच अडखळला.

इतके प्रेम होते, तर निवडणुकीत लोकांनी त्याला का पाडले?

या प्रश्नात मला त्या लोकांचे खरे शहाणपण दिसते, म्हणून घटनाक्रम नीट सांगतो.

२००७ मध्ये तो पहिल्यांदा संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी उभा राहिला, तोही आपल्या घरच्या जनरल सँटोसच्या मतदारसंघातून. डार्लीन अँटोनिनो-कुस्तोदिओ या विद्यमान लोकप्रतिनिधीने त्याला स्पष्टपणे हरवले. ज्या गावाने त्याच्या मिरवणुकीवर फुले उधळली होती, त्याच गावाने मत दुसऱ्याला दिले. तू आमच्यासाठी रिंगमध्येच राहा, राजकारणात अंग मळवू नकोस, असे तेव्हा अनेकांनी बोलूनही दाखवले.

त्याने हार मानली नाही. २०१० मध्ये पत्नीच्या माहेरच्या सारंगानी प्रांतातून तो उभा राहिला आणि तिथल्या बड्या राजकीय घराण्याला हरवून निवडून आला. २०१३ मध्ये त्याच्यासमोर कोणी उभेच राहिले नाही. २०१६ मध्ये देशभरातून एक कोटी साठ लाखांहून अधिक मते मिळवून तो सिनेटर झाला. मात्र कनिष्ठ सभागृहातल्या त्याच्या गैरहजेरीबद्दल उघड आणि रास्त टीका होत राहिली. २०२२ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा त्याला सुमारे छत्तीस लाख मते मिळाली आणि तो तिसरा आला. निवडून आलेले फर्डिनांड मार्कोस (धाकटे) यांना तीन कोटी दहा लाखांहून अधिक मते होती. २०२५ मध्ये सिनेटची निवडणूकही तो हरला.

आता त्याच २०२५ च्या जुलैमध्ये तो ४६ व्या वर्षी रिंगमध्ये उतरला, तेव्हा मेमध्ये त्याला मत न देणारेच लोक पडद्यासमोर श्वास रोखून बसले होते. याला कोणी चंचलपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. कौतुकाची आणि कारभाराची खाती त्या लोकांनी वेगळी ठेवली. प्रेम मनापासून केले, पण त्या प्रेमापोटी आपला न्याय गहाण टाकला नाही.

त्याच्याकडून चुका झाल्या तेव्हा चाहत्यांनी त्या झाकल्या का?

काहींनी झाकल्या, बऱ्याच जणांनी झाकल्या नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने समलिंगी जोडप्यांविषयी अत्यंत अपमानकारक उद्गार काढले. नायकी या कंपनीने त्याच्याशी असलेला करार तत्काळ तोडला, देशातल्या अनेक नामवंतांनी जाहीर निषेध केला आणि त्याला माफी मागावी लागली. काही महिन्यांनी तो सिनेटवर निवडूनही आला, कारण धार्मिक मतदारांचा मोठा वर्ग त्याच्या बाजूने होता. मुले विचारतात की मग तो चांगला माणूस की वाईट. मी त्यांना सांगतो की डाव्या हाताचा ठोसा अप्रतिम होता आणि ते वाक्य निंद्य होते, आणि दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

तिथल्या सगळ्याच विजेत्यांना असे प्रेम मिळते का?

नाही, आणि हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

पॅकियाओच्याच जनरल सँटोस शहरातला रोलांदो नावारेते हा १९८१ मध्ये जगज्जेता झाला होता. वर्षभरातच विजेतेपद गेले, पुढे परदेशात तुरुंगवास घडला, आणि गावी परतल्यावर त्याच्यावर मासे विकून गुजराण करण्याची वेळ आली. एकाच शहरातले दोन जगज्जेते, एकाला संसद आणि दुसऱ्याला मासळीबाजार. मॅन्सुएतो 'ओन्योक' वेलास्को याने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मुष्टियुद्धात रौप्यपदक मिळवले. तेव्हा त्याला दिलेल्या बक्षिसांच्या वचनांपैकी बरीच पाळली गेली नाहीत. २०२१ मध्ये टोकियोत हिदिलिन दियाझ हिने भारोत्तोलनात देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्ण जिंकले, तिच्यावर बक्षिसांचा वर्षाव झाला, तेव्हा कुठे लोकांना वेलास्कोची आठवण झाली आणि सरकारने त्याला पाच लाख पेसो दिले. मध्ये पंचवीस वर्षे गेली होती.

आपल्याकडे खेळाडूचे असे कौतुक झाल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकून खाशाबा जाधव कऱ्हाडला परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. मला बैलगाड्यांपेक्षा ते गहाणखत मोठे कौतुक वाटते, कारण ते पदकाच्या आधीचे आहे. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

बडोद्याचे म्हणाल तर कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक अजस्र दगड ठेवलेला आहे. गामा पैलवानाने तो १९०२ मध्ये इथे उचलला, अशी त्याची ख्याती आहे, आणि त्याचे वजन १२०० किलो सांगितले जाते. गामा मूळचा अमृतसरचा, नाव कमावले ते दतियाच्या दरबारात, तरी बडोद्याने त्याची आठवण शंभर वर्षांहून अधिक काळ सांभाळली. मी मुलांना तिथे नेतो. पहिल्यांदा ती हसतात, मग हात पसरून त्याची रुंदी मापू पाहतात, मग गप्प होतात. कौतुक जपण्याची ही एक रीत आहे: भाषण नाही, हार नाही, फक्त वस्तू डोळ्यांसमोर ठेवायची.

दुसरी बाजूही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडचा एक मुलगा राज्यस्तरीय मुष्टियुद्ध स्पर्धेत पदक घेऊन आला. पहाटेच्या गाडीने उतरला तेव्हा फलाटावर त्याची आई आणि मी, एवढेच होतो. आईने डब्यात साखरभात आणला होता, तो आम्ही तिघांनी बाकावर बसून खाल्ला. दोन महिन्यांनी एका संस्थेने त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, आणि मानपत्रावर खेळाचे नाव 'कुस्ती' असे छापले होते. मुलाने ते वाचले आणि नीट घडी करून पिशवीत ठेवले. तो खेळ सोडणार नाही याची काळजी आम्ही पुढचे वर्षभर घेत होतो. पॅकियाओच्या देशातले लोक त्याचा पाय कुठे पडतो, उजवा हात कधी खाली येतो, यावर चहाच्या टपरीवर वाद घालू शकतात. खेळ ओळखल्याशिवाय खेळाडूचा सत्कार करता येतो, पण त्याला पाहता येत नाही.

माझ्या मुलालाही असेच नाव मिळेल, म्हणून त्याला मुष्टियुद्धात घालावे का?

त्या हेतूने घालू नये. पॅकियाओबरोबर मनिलाच्या व्यायामशाळेत राबणारा त्याचा जवळचा मित्र यूजीन बारुताग रिंगमध्ये झालेल्या दुखापतीने तरुणपणीच गेला. त्या पिढीतली शेकडो मुले नाव न होता घरी परतली. मुलाला खेळ आवडत असेल, प्रशिक्षक जबाबदार असेल, डोक्याला मार बसल्यावर सक्तीची विश्रांती दिली जात असेल आणि शाळा सुटत नसेल, तर अवश्य पाठवावे. आमच्याकडे पहिले सहा महिने फक्त पायांचे काम आणि दोरीउड्या असतात. ज्याला लगेच ठोसे मारायचे असतात तो तेवढ्यात कंटाळून जातो, आणि ते बरेच होते.

नव्याने पाहणाऱ्याने कोणते सामने पाहावेत?

क्रम असा ठेवावा: २००१ चा लेडवाबा, २००३ चा बारेरा, २००९ चा कोटो, २०१२ चा मार्केझ आणि २०१९ चा कीथ थर्मन. थर्मनला हरवले तेव्हा पॅकियाओ चाळीस वर्षांचा होता आणि त्या गटातला सर्वांत वयस्क विजेता ठरला. पहिल्यांदा पाहताना हातांकडे पाहू नका. तो डावखुरा आहे, म्हणून त्याचा उजवा पाय पुढे असतो. तो प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या पायाच्या बाहेर पडतो का, एवढेच पाहा. तो तिथे पडला की पाठोपाठ डावा सरळ ठोसा येतो.

मार्केझचा सामना मात्र मुलांना एकट्याने पाहू देऊ नका. पॅकियाओ पडलेला असतो तेव्हा काही मुले घाबरतात, हे मी पाहिले आहे. शेजारी बसा, आणि तो उठून स्टुलावर बसेपर्यंत बंद करू नका.